गोट्या पुण्याला निघालाय, पण डिकीतून नाही

पत्र असं आहे :

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलाने कॉलेजात असताना बॉल पायथन जातीचा अजगर पाळला, त्याचं नाव गोट्या. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गेले तीन महिने गोट्याचं सगळं मीच बघते. आता मुलाने तिथे फ्लॅट भाड्याने घेतलाय. म्हणतो, मे महिन्यात तुम्ही येणारच आहात, तर गोट्याला गाडीतून घेऊन या. आमचे हे म्हणतात, पोत्यात घालून डिकीत टाकू, पाच तासांचा तर प्रश्न आहे. मुलगा म्हणतो, आई, तू मांडीवर घेऊन बस, त्याला तुझी सवय झालीय. सासूबाई म्हणतात, तो असेल त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. मला तिघांचंही पटत नाही. वाटेत त्याला भूक लागली तर? उकडलं तर? सुटला तर? – गोट्याची तात्पुरती आई"

ताई, तिघांत शहाण्या सासूबाईच. ज्याची भीती वाटते त्याच्यासोबत पाच तास बंद गाडीत बसू नये, एवढं त्यांना कळतं. गोट्याला बोलता आलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. घाबरला की डोकं मधे घेऊन चेंडूसारखं वेटोळं करायचं, एवढाच त्या बिचाऱ्याचा बचाव. बॉल पायथन हे नाव त्यावरूनच पडलं. तुमच्या चिरंजीवांनी 'गोट्या' नाव कळून ठेवलं की नकळत, कोण जाणे, पण चपखल ठेवलंय.

पेटीबिटीचं नंतर सांगतो. आधी कागद. गोट्याची नोंदणी झालीय का, हे मुलाला आजच फोन करून विचारा. "केलं होतं काहीतरी ऑनलाइन" या उत्तरावर समाधान मानू नका, प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या 'साईट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यानुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने ते सरकारकडे नोंदवायचे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिने दिले होते, नव्याने घेणाऱ्याला तीस दिवस मिळतात. नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर होते आणि ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाते. गोट्याचा मुक्काम सांगलीहून पुण्याला हलतोय, हे निघण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. नोंदणी झालीच नसेल तर हा प्रवास रद्द समजा. आधी वनविभागात जा, खरं काय ते सांगा, गाडीचं नंतर.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा सापासाठी कोण अडवणार? आपल्या भागात मांडुळाची तस्करी करणारे किती वेळा पकडले गेलेत ते तुम्ही पेपरात वाचतच असाल. नाकाबंदीत गाडी थांबली, पेटीत जाडजूड, आखूड शेपटीचा साप निघाला, तर हवालदाराने तो आफ्रिकेतला आहे हे कुठल्या पुस्तकावरून ओळखायचं? अशा वेळी नोंदणीचा कागद आणि पशुवैद्यकाने दिलेला तब्येतीचा दाखला या दोन गोष्टी हाताशी असाव्यात. मोबाईलमध्ये नकोत. कागदावर छापून, गाडीच्या कप्प्यात ठेवा.

हे वाचून कुणी म्हणत असेल की आमच्याकडे धामण आहे, लहानपणापासून पाळलीय, तर त्यांच्यासाठी माझ्याकडे प्रवासाचा सल्लाच नाही. धामण, नाग, मांडूळ, आपला अजगर, हे पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. बत्तीस शिराळ्याचा जिल्हा आपला. जिथे नागपंचमीच्या जिवंत नागांनाही न्यायालयाने लगाम घातला, तिथे घरातल्या धामणीची काय कथा.

आता तुमचे प्रश्न. वाटेत भूक लागली तर? नाही लागणार. लागली तरी द्यायचं नाही. उलट माझी काळजी वेगळी आहे. तुम्ही आई आहात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी "लांब जायचंय, पोटभर खाऊन घे बाळा" म्हणून त्याला उंदीर द्याल. तसं अजिबात करू नका. सापाला उंदीर पचवायला ऊब आणि स्वस्थता लागते, आणि चार-सहा दिवस सहज लागतात. पोटात अख्खा उंदीर असताना गाडीचे हादरे बसले, वर मनातून घाबरला, की तो उलटी करतो. सापाची उलटी म्हणजे आपल्या पोरांना घाटात होते तसली नव्हे. पोटातलं आम्ल अन्ननलिका भाजत वर येतं, आणि त्यातून सावरायला त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणून निघण्याआधी निदान सात दिवस काही खायला देऊ नका. मोठा, तब्येतीने बरा बॉल पायथन काही आठवडे न जेवता मजेत राहतो. मनात आलं तर स्वतःहूनच महिना-दोन महिने तोंड फिरवून बसतो, हे तुम्ही तीन महिन्यांत एकदा तरी पाहिलं असेल. पाणी आदल्या रात्रीपर्यंत ठेवा. पेटीत वाटी नको. ती पहिल्याच स्पीडब्रेकरला सांडणार आणि मग ओल्या कापडात तो पाच तास गारठणार.

पोतं नको. तागाच्या पोत्याचे दोरे सुटतात, ते खवल्यांत अडकतात. त्याऐवजी एक जुनी, स्वच्छ, सुती उशीची खोळ घ्या. ती उलटी करा, म्हणजे शिवणीचे दोरे बाहेरच्या बाजूला येतील. गोट्याला आत सोडा, खोळीचं तोंड पिळून त्याची पक्की गाठ मारा, आणि गाठ मारताना त्याची शेपटी पिळात आली नाही ना, हे चाचपून बघा. उचलताना नेहमी गाठीच्या वरून धरा. खोळीतूनही चावता येतं त्याला. बिनविषारी असला तरी त्याला दात आहेत.

ही खोळ झाकणाला दोन्हीकडून खटके असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. बाजूंना भोकं पाडा, पण आतून बाहेर, म्हणजे प्लास्टिकचे काटे आत राहणार नाहीत. डबा किती मोठा? इथे सगळे चुकतात. लोकांना वाटतं, ऐसपैस जागा दिली की साप खूश. घरी ठीक आहे, गाडीत नाही. मोठ्या डब्यात तो प्रत्येक ब्रेकला या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळतो. वेटोळं करून बसल्यावर चारी बाजूंना वितीपेक्षा कमी जागा उरेल एवढाच डबा हवा, आणि उरलेल्या जागेत चुरगाळलेली वर्तमानपत्रं. झाकणावर कागद चिकटवा : 'जिवंत साप, बिनविषारी, उघडू नये', खाली मुलाचा फोन नंबर. देव न करो, पण अपघात झालाच तर मदतीला आलेल्या माणसाला डब्यात काय आहे ते कळायला हवं. एरवी डब्यावर एक फिकट चादर टाकून ठेवा. अंधार झाला की गोट्या शांत राहील आणि रस्त्यावरच्या कुणाला काही दिसणारही नाही.

आणि आता डिकी. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. सापाला घाम येत नाही, आणि आपल्यासारखं आतून स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. बाहेर जेवढं, तेवढं त्याच्या आत. गार हवं तर तो सरकून सावलीत जातो, ऊब हवी तर उन्हात येतो. जागा बदलणं हेच त्याचं थर्मोस्टॅट. खोळीत बांधला की ते त्याच्यापासून आपण काढून घेतो, आणि मग तापमानाची सगळी जबाबदारी आपली. बॉल पायथनला २५ ते ३० अंशांत बरं वाटतं. पस्तिशीच्या पुढे फार वेळ गेला तर जिवावर बेततं. मे महिन्यात सांगलीत सावलीतच चाळिशीच्या आसपास असतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी चढतं, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. डिकीत तर एसीची हवाही पोचत नाही, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसतही नाही. गाडीतून नेताना साप दगावल्याच्या ज्या घटना माझ्यापर्यंत आल्या, त्यांत बाकी सगळं ठीक होतं. चहाला थांबले होते, एवढंच.

म्हणून पहाटे निघा. साडेचारला विश्रामबाग सोडलंत तर आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड करत उजाडताना साताऱ्याच्या जवळ असाल, आणि ऊन तापायच्या आत पुण्यात. रात्री निघायचा मोह नको. साप निशाचर असला तरी गाडी चालवणारा माणूस निशाचर नसतो. एसी २६-२७ वर ठेवा, झोत डब्यावर नको. लांब वायरचं साधं डिजिटल थर्मामीटर मिळतं, त्याची वायर डब्यात खोळीच्या बाहेर सोडा आणि आकडा पुढे दिसेल असा ठेवा. मुलाची समजूत पटवायलाही ते बरं. तो दर वीस मिनिटांनी फोन करणार, तुम्ही आकडा सांगायचा. थंडीत जाणाऱ्यांसाठी सांगतो, टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली डब्याच्या बाहेर टेकवून ठेवावी. विजेचा हीटिंग पॅड चालत्या गाडीत नको. मे महिन्यात तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही.

डबा ठेवायचा मागच्या सीटच्या पायाशी, डाव्या पुढच्या सीटच्या मागे. खाली दोनदा घडी केलेली घोंगडी, बाजूला उशी किंवा बॅग, म्हणजे तो हलणार नाही. सांगली-पेठ रस्त्यावर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं जे हादरे खाल्लेत, ते सापाला आपल्यापेक्षा जास्त जाणवतात. त्याला बाहेरून दिसणारा कान नाही, जमिनीची थरथर तो जबड्यातून टिपतो. तेव्हा गाण्यांचा दणदणाटही जरा आवरा. मांडीवर घेण्याचं मात्र मनातून काढून टाका. खंबाटकीच्या वळणावर पुढच्या ट्रकने ब्रेक मारला तर तुमच्या हातून सुटलेला गोट्या सरळ यजमानांच्या पायाशी, क्लचजवळ जाईल.

त्याला तुमची सवय झालीय हे खरं, पण त्या सवयीचा अर्थ वेगळा आहे. तुमच्या हातात तो हालचाल न करता पडून राहतो, कारण त्या हातापासून आजवर त्रास झाला नाही. म्हणून त्या हातात त्याला प्रवासाचा धीर येतो असं नाही. अंधार, अडचणीची जागा, आणि कुणी हात न लावणं, एवढ्यावर त्याला धीर येतो. माझा सगळा सल्ला एका ओळीत सांगायचा तर, डबा सांगलीत बंद केला की पुण्यातच उघडायचा. 'जरा बघूया, बरा आहे ना' म्हणून सुद्धा नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राचा कॉर्न स्नेक मी साताऱ्याहून कोल्हापूरला नेत होतो. सगळं शास्त्रशुद्ध बांधलेलं. उंब्रजजवळ थांबलो आणि मला राहवेना. 'फक्त झाकण किलकिलं करून बघतो' म्हटलं. खोळीची गाठ मी घरी घाईत मारली होती, ती सुटलेली होती. साप माझ्या मनगटावरून सीटच्या खाली आणि तिथून डॅशबोर्डच्या मागे. पेन्सिलीएवढी फट त्याला पुरली. जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही साप काढा, मग मी डॅशबोर्ड काढतो." मी म्हटलं, डॅशबोर्ड काढल्याशिवाय साप निघणार नाही. यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. चहा त्यानेच पाजला, गाडीला मात्र हात लावला नाही. शेवटी गाडी त्याच्या शेडमध्ये बंद करून ठेवली, पायाशी कोमट पाण्याची बाटली आणि काळा कपडा ठेवला, आणि रात्री अकरा वाजता महाराज बाटलीला वेढा घालून बसलेले सापडले. माझ्या बायकोला ही गोष्ट मी अजून पूर्ण सांगितलेली नाही.

तेव्हा सुटलाच तर काय, त्याचं उत्तर यातच आलं. गाडी ताबडतोब बाजूला घ्या, सावलीत. इंजिन बंद. सगळ्यांनी उतरायचं, दारं-काचा लावायच्या, आणि सीटखाली, सीटबेल्टच्या फटीत, पायपुसण्यांखाली टॉर्चने शांतपणे बघायचं. सापडला नाही तर तशीच गाडी पुढे हाकायची नाही. पेडलच्या मागे तो कुठे आहे हे माहीत नसताना ब्रेक दाबणं त्याच्याही आणि तुमच्याही जिवाशी खेळ. मात्र ऊन चढलं असेल तर बंद गाडीत त्याला सोडून बसू नका, छप्पर असलेली जागा शोधा आणि गाडी ढकलत न्यायला लागली तरी न्या.

हॉटेलात थांबलात तर दोघांपैकी एकाने गाडीतच थांबायचं, एसी चालू ठेवून. डबा घेऊन आत जायचं नाही. कौतुकाने कुणाला दाखवायचाही नाही, आणि यात मी अगदी गंभीर आहे. गोट्याच्या अंगावरचे तपकिरी-काळे डाग लांबून बघणाऱ्याला घोणशीसारखे दिसतात. आपल्याकडे उसाच्या फडात वाढलेल्या कुठल्याही माणसाला घोणस म्हणजे काय ते माहीत आहे, आणि ती दिसली की हात आपोआप काठीकडे जातो. त्यात त्याची चूक नाही. घोणशीने किती घरं उठवलीत ते त्याने पाहिलेलं असतं. 'अहो, हा आफ्रिकेतला आहे, बिनविषारी आहे' हे तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत काठी पडलेली असेल. गंमत म्हणजे याच्याच जातभाईंना आफ्रिकेत बेनिन देशातल्या विदा गावी देवळात मान आहे. तिथले अजगर रात्री गावात फिरतात, घरात शिरले तर लोक अदबीने परत आणून सोडतात. पण तुमचा रस्ता तासवडे टोलनाक्यावरून जातो.

आता सासूबाई. त्यांना समजावत बसू नका, आणि 'अहो, काही करत नाही तो' हे तर म्हणूच नका. भीती वयाने आणि अनुभवाने आलेली असते. त्यांना कोयना एक्सप्रेसचं आरक्षण करून द्या, मुलगा स्टेशनवर घ्यायला येईल. गाडीतूनच यायचं ठरलं तर पुढची सीट त्यांची, डबा त्यांच्या नजरेआड, आणि झाकणाचे खटके लागलेले त्यांना आधी एकदा दाखवा. एक गोष्ट मात्र त्यांच्यासाठी आणि घरातल्या लहान मुलांसाठी पाळायलाच हवी. सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, साप दिसायला ठणठणीत असला तरी. खोळ, डबा, काहीही हाताळलं की साबणाने हात धुवायचे. शिदोरीची पिशवी डब्याला टेकवून ठेवायची नाही. दशम्या पुढे, गोट्या मागे.

पुण्यात पोचायच्या आदल्या दिवशीच मुलाने घर तयार ठेवायला हवं. काचेच्या पेटीत एका बाजूला ऊब, थर्मोस्टॅट लावून तापमान स्थिर झालेलं, लपायला खोकं, ताजं पाणी. पोचल्यावर खोळ पेटीत ठेवायची, गाठ सोडायची, पेटी बंद करून बाहेर यायचं. तो त्याच्या सवडीने निघेल. 'आलं माझं बाळ' म्हणून मुलाने त्याला लगेच गळ्यात घालून फोटो काढायचे नाहीत. चार-पाच दिवस हात लावायचा नाही, आठवडाभर खायला द्यायचं नाही. पहिला उंदीर नाकारला तरी घाबरू नका, पुन्हा आठवड्याने द्या. पण तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकपुडीशी बुडबुडे दिसत असतील, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा मान सारखी वर आभाळाकडे उचलत असेल, तर थांबायचं नाही. त्यासाठी सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्यक पुण्यात कोण, हे मुलाने आत्ताच शोधून ठेवायचं. कुत्रा-मांजर बघणारे आम्ही सगळेच सापाचं बघतो असं नाही.

वाटेत थर्मामीटरचा आकडा ३३ च्या वर गेला तर सावलीत थांबा, एसी आणखी गार करा, डब्यावर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला पंचा टाका, भोकं झाकू नका. बर्फ नको.

गोट्याने पुण्यात पहिला उंदीर कधी खाल्ला ते कळवा. आणि सासूबाई शेवटी गाडीने गेल्या की कोयनेने, तेही.